बंडी, मेट्रो आणि कूलर : शाळेतील यांत्रिकी रोजच्या प्रश्नांतून शिकवावी का?

महालचे_मास्तर :
नागपुरातील एका मराठी माध्यमाच्या शाळेत मी नववी-दहावीला विज्ञान शिकवतो. नववीच्या पुस्तकाची सुरुवातच ‘गतीचे नियम’ या पाठाने होते, त्यामुळे जूनच्या अखेरीस विदर्भातील शाळा उघडल्या की पहिले काही आठवडे न्यूटनलाच द्यावे लागतात. ‘प्रत्येक क्रियाबलास समान परिमाणाचे आणि विरुद्ध दिशेचे प्रतिक्रियाबल असते’ हे वाक्य मुले घडाघडा म्हणतात आणि त्यावर पैकीच्या पैकी गुणही मिळवतात. मात्र ‘बैल बंडीला, म्हणजे बैलगाडीला, जेवढ्या बलाने पुढे ओढतो तेवढ्याच बलाने बंडी बैलाला मागे ओढते, तर मग बंडी हलतेच कशी?’ असे विचारले की शंकरपट (बैलांची शर्यत) पाहिलेली, बंडीत बसून शेतावर गेलेली मुलेसुद्धा निरुत्तर होतात.

माझे मत असे झाले आहे की नियम आधी आणि उदाहरण नंतर हा क्रमच उलटा करावा. आधी प्रश्न, मग प्रत्येकाने वहीत स्वतःचे उत्तर लिहायचे, मग चर्चा आणि शेवटी नियम. पण यात वेळ फार जातो आणि काही प्रश्नांतून नुसती करमणूक होते, हातात काही उरत नाही. आपणांपैकी जे शिकवतात, शिकतात किंवा ज्यांची मुले शिकत आहेत त्यांनी सांगावे : असे कोणते प्रश्न वर्गात खरोखर टिकतात आणि कोणते टाळावेत?

बर्डीचा_वाटसरू :
बंडी पुढे जाते, कारण बंडीवानाच्या हातात बैलाला टोचायची पराणी असते. हे बल न्यूटनने विचारात घेतलेले दिसत नाही.

अजनीच्या_बाई :
पराणीचा टोला मान्य करून मूळ प्रश्नाकडे येते. मी निवृत्त होईपर्यंत हाच विषय शिकवला आणि बंडीचा प्रश्न मला कधीही सोडावासा वाटला नाही. त्याची किल्ली एकाच सवयीत आहे : आकृतीतील प्रत्येक बाणाशेजारी ते बल ‘कोणी, कोणावर’ लावले हे लिहायला लावायचे. ‘बैलाने बंडीवर’ आणि ‘बंडीने बैलावर’ अशी दोन नावे लिहिली की ही बले दोन वेगळ्या वस्तूंवर आहेत हे मुलाला स्वतःच दिसते, आणि ती एकमेकांना रद्द करतील ही समजूत गळून पडते. मग बंडीची आकृती वेगळी काढायची. तिच्यावर पुढे बैलाची ओढ आणि मागे रस्त्याचा व आसाचा विरोध असतो; ओढ जास्त असेल तर बंडीचा वेग वाढतो, दोन्ही समान असतील तर ती एकसारख्या वेगाने चालत राहते. बैलाची आकृतीही वेगळी. तो खुराने जमीन मागे रेटतो, जमीन त्याला पुढे रेटते, आणि बंडी त्याला मागे ओढते. चिखलात बैल घसरतो तो त्याची ताकद कमी झाली म्हणून नव्हे, तर जमीन त्याला पुरेसे पुढे रेटू शकत नाही म्हणून, हे त्यातून आपोआप निघते.

आपण सुचवलेला उलटा क्रम आपल्या शेजारीच मोठ्या प्रमाणावर राबवला गेला होता. होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम १९७२ मध्ये मध्य प्रदेशातील सहावी ते आठवीच्या १६ शाळांत सुरू झाला आणि २००२ पर्यंत चालला. नागपूरहून इटारसीची गाडी पकडली की त्याच होशंगाबाद (आताच्या नर्मदापुरम) जिल्ह्यात आपण पोहोचतो. साध्या साहित्याने प्रयोग करायचे, निरीक्षण वहीत लिहायचे आणि निष्कर्ष मुलांनीच काढायचे, अशी ती पद्धत होती. परीक्षासुद्धा पुस्तक जवळ ठेवून द्यायची असे. तेव्हा वेळ जातो ही तक्रार खरी असली तरी ती जुनी आहे.

धरमपेठ_क्लासवाला :
बाईंबद्दल पूर्ण आदर राखून विरुद्ध बाजू मांडतो. माझ्याकडे अकरावी-बारावीची मुले जेईई आणि नीटच्या तयारीसाठी येतात. तिथे एका प्रश्नाला मोजकीच मिनिटे मिळतात. बंडीवर एक तास घालवला तर उतरणीवरचे ठोकळे, कप्प्या आणि दोऱ्यांचा ताण यांची गणिते कोणी करून घ्यायची? मुलाला समजले की नाही हे त्याला गणित सुटते की नाही यावरूनच कळते; बाकी सारे गप्पांत जमा होते. रोजचे उदाहरण मी जरूर देतो, पण ते भाजीत मीठ असावे तेवढेच.

प्रयोगवही :
क्लासवाले सर, गणित सुटले म्हणजे समजले हे गृहीतकच तपासले गेले आहे. हेस्टेनिस, वेल्स आणि स्वॅकहॅमर या तिघांनी १९९२ मध्ये बलाच्या संकल्पनेवर एक चाचणी प्रसिद्ध केली. तिच्यात आकडेमोड जवळजवळ नाहीच. सारे प्रश्न साध्या भाषेतले आणि रोजच्या अनुभवातले आहेत. चुकीचे पर्याय मात्र मुलांच्या मनात खरोखर असलेल्या समजुतींवरून तयार केलेले आहेत. हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्र शिकवणारे एरिक मेझर यांनी अशा स्वरूपाचे प्रश्न आपल्या विद्यार्थ्यांना दिले, तेव्हा अवघड गणिते सोडवणारी मुलेही साध्या प्रश्नांवर अडखळली. त्यानंतर त्यांनी शिकवण्याची पद्धतच बदलली : प्रश्न टाकायचा, प्रत्येकाने एकट्याने उत्तर निवडायचे, मग शेजाऱ्याला ते पटवून द्यायचे आणि पुन्हा उत्तर निवडायचे. मास्तरांची वहीची कल्पना याच जातीची आहे.

आपल्याच वर्गात दोन प्रश्न विचारून पाहावेत. पहिला : सरळ वर फेकलेला चेंडू सर्वांत उंच जागी क्षणभर थांबतो, त्या क्षणी त्याच्यावर कोणती बले असतात? ‘हाताचे बल संपले आणि गुरुत्वाकर्षण सुरू झाले’ किंवा ‘दोन्ही बले समान झाली’ अशी उत्तरे हमखास येतात. चेंडू हातातून सुटल्यावर हात त्याच्यावर कोणतेही बल लावत नाही. बाईंची ‘कोणी, कोणावर’ ही अट घातली की हातातून सुटलेल्या चेंडूवर हाताचा बाण काढताच येत नाही. हवेचा विरोध सोडला तर वर जाताना, माथ्यावर आणि खाली येताना एकच बल आहे, पृथ्वीने चेंडूवर लावलेले.

दुसरा : दहा टनांचा ट्रक आणि एक टनाची मोटार समोरासमोर धडकली, तर कोणी कोणावर जास्त बल लावले? जवळजवळ सगळा वर्ग ट्रकच्या बाजूने हात वर करतो. बले समानच असतात; मोटारीचे त्वरण मात्र ट्रकच्या दहापट असते, कारण तिचे वस्तुमान एक दशांश आहे. आतल्या माणसाला इजा होते ती त्या त्वरणामुळे.

बर्डीचा_वाटसरू :
म्हणजे वाडीच्या रस्त्यावर ट्रकवाल्याने ‘तुझ्या गाडीनेही मला तेवढ्याच जोराने मारले’ असे म्हटले तर विज्ञान त्याच्या बाजूचे आहे. नुकसानभरपाईच्या वेळी हे कोणी सांगू नये.

धरमपेठ_क्लासवाला :
ट्रकचा प्रश्न उत्तम आहे, हे मान्य करतो. पण तो पाच मिनिटांत संपतो. माझा आक्षेप तासभर चालणाऱ्या चर्चेवर आहे.

ऑरेंजलाइनचा_प्रवासी :
मी अभियंता असून रोज खापरीहून सीताबर्डीला मेट्रोने जातो. यांत्रिकीची सर्वांत स्वस्त प्रयोगशाळा मला तिथे दिसते. पन्नास सेंटिमीटर दोरा आणि त्याला बांधलेला लोखंडी नट एवढेच साहित्य लागते. गाडी वेग घेत असताना नट मागे झुकतो. दोऱ्याच्या ताणाचा उभा भाग नटाचे वजन पेलतो आणि आडवा भाग त्याला गाडीबरोबर पुढे नेतो, म्हणून नट किती सरकला आणि तो किती खाली लोंबतो यांचे गुणोत्तर म्हणजेच गाडीचे त्वरण भागिले गुरुत्वत्वरण. नट पाच सेंटिमीटर मागे असेल तर त्वरण गुरुत्वत्वरणाच्या (९.८ मी/से²) सुमारे एक दशांश, म्हणजे ०.९८ मी/से² येते. मेट्रो गाड्यांचे त्वरण सर्वसाधारणपणे याच सुमारास ठेवलेले असते, कारण डब्यात माणसे उभी असतात. गाडी सुटल्या क्षणी घेतलेले वाचन मात्र फसवे असते. नट झोका घेऊन खऱ्या जागेच्या जवळजवळ दुप्पट मागे जातो, त्यामुळे झोक्याची मधली जागा धरावी लागते.

दुसरे निरीक्षण याहून रंजक आहे. गाडी थांबत असताना आपण पुढे ढकलले जातो असे सगळे सांगतात, पण ती पूर्ण थांबते त्या क्षणी उभी माणसे मागे हिंदकळतात. असे का? गाडी मंदावत असताना पडू नये म्हणून आपण नकळत अंग मागे रेलून उभे असतो. गाडी थांबली की मंदन एकाएकी शून्य होते, मागे रेललेल्या अंगाला तोलणारे काही उरत नाही आणि आपण मागे जातो. हे एकदा सांगितले की मुले प्रत्येक स्थानकावर लोकांच्या पायांकडे पाहू लागतात.

मृदगंध_९ :
नटाऐवजी गॅसचा फुगा धरला तर? मी असे वाचले आहे की तो उलट पुढे जातो, पण ते मनाला पटत नाही.

ऑरेंजलाइनचा_प्रवासी :
तो पुढेच जातो. काचा बंद असलेल्या मोटारीत सहज पाहता येते. मोटार वेग घेते तेव्हा आतली हवाही नटासारखीच मागे राहू पाहते, त्यामुळे मागच्या बाजूला हवेचा दाब किंचित वाढतो. फुगा त्याच्या आकारमानाएवढ्या हवेपेक्षा हलका असल्याने दाबातील हा फरक त्याला पुढे ढकलतो. एरवी तो वर जातो तेही असेच, कारण खालचा दाब वरच्यापेक्षा जास्त असतो. फुगा हेलियमचाच असल्याची खात्री मात्र करून घ्यावी. काही फुगेवाले हायड्रोजन भरतात आणि बंद मोटारीत तो पेटला तर यांत्रिकी बाजूला राहील.

अजनीच्या_बाई :
नववीसाठी हा प्रश्न मी वापरणार नाही. नट मागे का जातो हे पक्के होण्याआधी फुगा आणला तर मुलाच्या हाती चमत्कार तेवढा उरतो.

खस_आणि_ताट्या :
अस्सल नागपुरी प्रश्न अजून कोणीच विचारला नाही, म्हणून मी विचारतो. मे महिन्यात पाण्याने भरलेला कूलर सरकवताना तो कुठे धरून ढकलावा? आमच्या घरी दरवर्षी यावर वाद होतो. वडिलांचे म्हणणे असे की वरून ढकलला तर जोर चांगला लागतो, आणि दरवर्षी कूलर समोरच्या पायांवर उचलला जातो. (प्रयोगापूर्वी प्लग काढावा, हे लोखंडी कूलरच्या बाबतीत विनोदाने म्हणत नाही.)

प्रयोगवही :
हा प्रश्न फार सुंदर आहे आणि त्याचे पूर्ण गणित करता येते, म्हणून क्लासवाल्या सरांनाही तो चालावा. कूलरचा तळ ढकलण्याच्या दिशेने ६० सेंटिमीटर रुंद आहे आणि तळ व फरशी यांचा घर्षणांक ०.४ आहे असे धरू. कूलर घसरायला वजनाच्या ०.४ पट बल लागते. तो पुढच्या कडेवर कलंडायला लागतो, जेव्हा ढकलण्याचे बल गुणिले त्याची उंची हे वजन गुणिले तळाची अर्धी रुंदी यापेक्षा जास्त होते. १२० सेंटिमीटर उंचीवर ढकलले तर कलंडायला वजनाच्या ०.२५ पट बल पुरते, म्हणजे घसरण्याआधी तो कलंडतो. ६० सेंटिमीटर उंचीवर ढकलले तर कलंडायला ०.५ पट लागते आणि त्याआधीच तो घसरतो. सीमारेषा ७५ सेंटिमीटरवर आहे. वजन दोन्हीकडे सारखेच येत असल्यामुळे ते छेदले जाते : टाकी भरलेली असो वा रिकामी, ही उंची तीच राहते, फक्त जोर कमी-जास्त लागतो.

आता कूलर ६० सेंटिमीटर उंचीच्या लोखंडी स्टँडवर आहे आणि स्टँडच्या पायांमधील अंतरही तेवढेच आहे असे समजा. सुरक्षित ७५ पैकी ६० सेंटिमीटर स्टँडनेच खाल्ले, म्हणून कूलरच्या खालच्या १५ सेंटिमीटरच्या पट्ट्यावरच हात लावायला हवा. त्यापेक्षा सरळ स्टँडच धरून ढकलावा.

धरमपेठ_क्लासवाला :
गणित चोख आहे, पण एक शंका उरते. पाणी तळाशी असते, त्यामुळे गुरुत्वमध्य खाली येतो आणि भरलेला कूलर जास्त स्थिर व्हायला हवा. तुमच्या उत्तरात गुरुत्वमध्याची उंची कुठेच आलेली नाही.

प्रयोगवही :
कलंडण्याची सुरुवात कधी होईल हे ठरवताना ती येत नाही, कारण पुढच्या कडेभोवती वजनाचे आघूर्ण (म्हणजे बल गुणिले त्याचे कडेपासूनचे लंब अंतर) गुरुत्वमध्याच्या आडव्या अंतरावर अवलंबून असते, उंचीवर नाही. मागचे पाय उचलले गेल्यानंतर मात्र सारा फरक तिथेच आहे. गुरुत्वमध्य ७५ सेंटिमीटर उंच असेल तर कूलर सुमारे २२ अंश कलल्यावर स्वतःहून पडतो. ५० सेंटिमीटरवर असेल तर सुमारे ३१ अंशांपर्यंत तो मागे परत येऊ शकतो. म्हणजे आपली शंका बरोबर आहे, ती पुढच्या टप्प्याला लागू पडते.

ऑरेंजलाइनचा_प्रवासी :
त्यात एक भर घालतो. कलताना टाकीतील पाणी खालच्या बाजूला धावते आणि गुरुत्वमध्यही तिकडेच सरकतो, त्यामुळे तो ३१ अंशांचा दिलासा प्रत्यक्षात तेवढा मिळत नाही. चाकांचे स्टँड असेल आणि पुढचे चाक उंबरठ्याला अडले तर घसरण्याचा मार्गच बंद होतो. मग कमी उंचीवरून ढकलले तरी जोर वाढवत नेल्यास शेवटी तो कलंडणारच.

खस_आणि_ताट्या :
वडिलांना हे वाचून दाखवले. त्यांचे म्हणणे असे की आमच्या फरशीचा घर्षणांक ०.४ नाही.

प्रयोगवही :
ते चुकीचे म्हणत नाहीत. फरशी ओली आणि घर्षणांक ०.२ असेल तर सीमारेषा थेट १५० सेंटिमीटरवर जाते आणि वरून ढकललेला कूलरही निमूट घसरतो. पण त्यांचा कूलर दरवर्षी उचलला जातो, यावरून आपल्या फरशीचा घर्षणांक किमान किती असेल हे आपणच काढावे.

मानेवाडा_पालक :
मी शिक्षक नाही. माझ्या नववीतल्या मुलीला गतीची समीकरणे म्हणजे अक्षरांची अदलाबदल वाटत होती. तिला मी एकच गणित घातले. दुचाकीचा ब्रेक ५ मी/से² इतके मंदन देतो. ताशी ३६ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १० मीटर वेग असेल तर गाडी किती अंतरात थांबेल, आणि वेग दुप्पट केला तर किती? तिने अंदाजाने दुप्पट सांगितले. समीकरणातून १० मीटर आणि ४० मीटर आले. ब्रेक दाबेपर्यंत जाणारा एक सेकंद धरला तर एकूण २० आणि ६० मीटर होतात. त्यानंतर वर्धा रोडवर मी गाडी चालवत असताना मागून सूचना येऊ लागल्या आहेत, हा त्याचा तोटा.

अकरावी_अ :
मी विद्यार्थी आहे, म्हणून एक अडचण सांगतो. एका चाचणीत मी तिसऱ्या नियमाचे उत्तर पाठ्यपुस्तकातील शब्दांऐवजी सायकलचे उदाहरण घेऊन लिहिले. पॅडल मारत असताना मागच्या चाकावर रस्त्याचे घर्षण पुढच्या दिशेने असते आणि पुढच्या चाकावर मागच्या दिशेने, असे आकृतीसह दाखवले. गुण मिळाले नाहीत, कारण ‘घर्षण नेहमी गतीच्या विरुद्ध असते’ असे उत्तरपत्रिकेच्या नमुन्यात होते. वर्गात असे प्रश्न घ्यायचे आणि परीक्षेत पाठांतर मागायचे असेल, तर आम्ही पाठांतरच करू.

अजनीच्या_बाई :
बाळा, तुझी आकृती बरोबर होती. घर्षण हे दोन पृष्ठभागांच्या एकमेकांवरून घसरण्याला विरोध करते, वस्तूच्या पुढे जाण्याला नव्हे. मागचे चाक रस्त्याला मागे रेटते, म्हणून रस्ता त्याला पुढे रेटतो. तसे नसते तर सायकल आणि बैल दोघेही जागीच राहिले असते.

मास्तर, या मुलाने आपल्या धाग्याचे खरे दुखणे सांगितले आहे. प्रश्न बदलून गुणदान तेच ठेवले तर काही साधत नाही. मी तीन गुणांचे उत्तर असे तपासत असे : वस्तू वेगळी काढून आकृती काढली याचा एक गुण, प्रत्येक बाणाला ‘कोणी, कोणावर’ हे नाव दिले याचा एक, आणि त्यावरून निष्कर्ष काढला याचा एक. अंतिम उत्तर चुकले तरी दोन गुण मिळू शकतात, आणि पाठ केलेल्या वाक्याला एकही मिळत नाही.

महालचे_मास्तर :
सर्वांचे आभार. यंदा मी असे करणार आहे. नववीसाठी बंडी, चेंडू, ट्रक आणि ब्रेकचे अंतर हे चार प्रश्न ठेवतो आणि प्रत्येकाला क्लासवाल्या सरांच्या हिशेबाने दहा मिनिटांपेक्षा जास्त देत नाही. बंडीला मात्र पूर्ण तास देणार, त्यावर तडजोड नाही. नटाचा प्रयोग सहलीच्या दिवशी मेट्रोत करतो. कूलरसाठी आघूर्ण लागते आणि ते अकरावीत येते, म्हणून तो प्रश्न वरच्या वर्गाच्या शिक्षकांकडे सुपूर्द करतो. फुगा वगळला आहे. करमणूक कोणती आणि शिक्षण कोणते याची कसोटी मी आता अशी धरतो की ज्या प्रश्नाची आकृती मूल स्वतः काढू शकत नाही, तो प्रश्न त्या वर्गासाठी नाही.

चाचणीसाठी एक प्रश्न तयार केला आहे, तो तपासून द्यावा : ‘५० किलोग्रॅम वस्तुमानाची मुलगी लिफ्टमध्ये वजनकाट्यावर उभी आहे. लिफ्ट वर जात असताना काटा ४५ दाखवतो. हे शक्य आहे का? आकृती काढून स्पष्ट करा.’

धरमपेठ_क्लासवाला :
प्रश्न चांगला आहे आणि माझ्या तुकडीलाही तो देणार आहे. लिफ्ट वर जाते म्हणजे काट्यावर वजन जास्तच दिसणार, असे समजणारी मुले त्यात नेमकी अडकतील. लिफ्ट वरच्या मजल्याजवळ येऊन मंदावत असेल तर तिचे त्वरण खालच्या दिशेने असते. ते १ मी/से² असेल तर काट्याने मुलीवर लावलेले बल ५० गुणिले ८.८, म्हणजे ४४० न्यूटन होते आणि काटा सुमारे ४५ दाखवतो. सुटताना तेवढेच त्वरण असेल तर ५५ दाखवील आणि मधल्या प्रवासात ५०. लिफ्ट सुटत आहे की थांबत आहे हे प्रश्नात सांगू नका, ते मुलांनीच शोधू द्या. प्रत्यक्ष करून दाखवणार असाल तर सुईचा काटा घ्या. बरेच घरगुती डिजिटल काटे एकदा आलेला आकडा धरून ठेवतात आणि लिफ्ट कशीही गेली तरी ५० वरून हलत नाहीत.